बायपोलरच्या गोळ्या आणि शरीर: वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बायपोलरचं, म्हणजे मन कधी उन्मादात (अति उत्साह, चिडचिड) तर कधी खोल उदासीत जाण्याच्या आजाराचं, निदान झाल्यावर पहिलं वर्ष मन सावरण्यातच जातं. शरीराच्या तक्रारी मागाहून येतात. तिसऱ्या वर्षी जुने कपडे बसेनासे होतात, आठव्या वर्षी थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच वाढतं, पंधराव्या वर्षी लॅबच्या रिपोर्टात किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा आकडा ठळक छापून येतो. खालची उत्तरं लिथियमभोवती जास्त फिरतात, कारण सगळ्यात काटेकोर हिशेब याच गोळीचा ठेवावा लागतो. व्हॅल्प्रोएट, ओलान्झापिन, क्वेटियापिन वगैरे बायपोलरच्या बाकीच्या औषधांचंही जागोजागी येईल. डोस कमी-जास्त करण्याचा निर्णय तुमच्या सायकियाट्रिस्टचा. वेळ, पाणी, मीठ, वजन आणि बाकीच्या डॉक्टरांना सांगणं ही कामं मात्र घरातच करावी लागतात.

इतकी जुनी आणि इतक्या तपासण्या मागणारी गोळी अजून देतात तरी का?

जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा परिणाम नोंदवला. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० उजाडलं. त्यानंतर किती तरी औषधं आली, पण आजार परत उलटू न देणं आणि आत्महत्येचा धोका कमी करणं या दोन्ही कामांत लिथियमइतका भक्कम पुरावा क्वचितच कुणाच्या गाठीशी आहे. अडचण एकच आहे. उपयोगी पातळी आणि घातक पातळी यांच्यातलं अंतर फार थोडं आहे, म्हणून सतत मोजत राहावं लागतं.

लिथियमची पातळी तपासायला नेमकं कधी जायचं?

शेवटच्या डोसनंतर बरोबर १२ तासांनी. रात्री १० ला गोळी घेतली तर सकाळी १० ला रक्त द्यायचं. चूक बहुधा इथेच होते. उपाशीपोटी साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि लिथियम एकदम उरकावं म्हणून लोक सकाळी ७ ला लॅबमध्ये जातात. तेव्हा नऊच तास झालेले असतात, आकडा खोटाच जास्त येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. सकाळी लवकरच जायचं असेल तर आदल्या रात्री गोळी ७-८ ला घ्या. सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यानंतर घ्यायचा, त्यासाठी गोळी खिशात घेऊन जा. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लॅबच्या फॉर्मवर लिहायला लावा.

आणखी एक छोटी गोष्ट. रक्त घेताना 'लिथियमची टेस्ट आहे' असं तोंडाने सांगा. काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन घातलेलं असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर पातळी भलतीच जास्त येते. तब्येत ठणठणीत असताना रिपोर्टात ३ किंवा ४ दिसलं तर घाबरण्याआधी नळीची चौकशी करा, मात्र फेरतपासणी त्याच दिवशी करून घ्या.

डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी, पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी आणि सगळं स्थिर असेल तर नंतर दर ६ महिन्यांनी पातळी बघतात. वय ६५ च्या पुढे असेल, किडनी कमकुवत असेल किंवा पातळी हलवणारी दुसरी औषधं चालू असतील, तर तीन महिन्यांचाच नेम ठेवतात. दर ६ महिन्यांच्या खेपेला क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (त्यावरून काढलेली किडनीची गाळण्याची क्षमता), टीएसएच, कॅल्शियम आणि वजन हे चारही सोबत करून घ्या. यातलं कॅल्शियम हमखास विसरलं जातं.

रिपोर्टात ०.६ आलंय. हे कमी का?

आजार उलटू नये म्हणून चालू असलेल्या डोससाठी ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रतिलिटर ही बहुतेकांची पट्टी. उन्मादाच्या तीव्र काळात ती ०.८ ते १.० पर्यंत नेतात, कधी थोडी वर. काही लॅब याच आकड्यापुढे मिलिइक्विव्हॅलंट छापतात. लिथियमच्या बाबतीत दोन्ही एकच, गणित करत बसू नका. दीर्घकाळ घेणाऱ्याने कमीत कमी पुरेल त्या पातळीवर राहणं किडनीसाठी चांगलं, म्हणून ०.६ हा पुष्कळांसाठी चांगलाच आकडा आहे. १.५ च्या वर गेल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

दिवसभर तहान लागते आणि रात्री तीन-चारदा उठावं लागतं. हे असंच राहणार का?

लघवीत जाणारं पाणी शेवटच्या टप्प्यावर परत ओढून घेण्यासाठी किडनीच्या पेशींना पाण्याच्या वाटा उघडाव्या लागतात. लिथियम त्या पेशींत शिरून साठतं आणि या वाटा कमी करतं. मग पाणी शरीरात परत न येता वाहून जातं, आणि त्यामुळे तहान लागते. लोकांचा समज उलटा असतो. 'पाणी कमी पी, म्हणजे उठावं लागणार नाही' असं घरातलं कुणीतरी प्रेमाने सांगतं. तसं केलं तर शरीर सुकतं आणि लिथियमची पातळी चढते. तहानेप्रमाणे पाणी प्यायचंच.

आधी साखर तपासा. लिथियमसोबत ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन चालू असेल तर हीच तहान आणि हीच लघवी नव्या मधुमेहाचीही असू शकते. 'लिथियममुळेच असेल' म्हणून सहा महिने ढकलले जातात, आणि मग साखर ३०० च्या वर सापडते.

साखर ठीक असेल तर लघवी मोजा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची. तिथून पुढची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीसकट, मापाच्या भांड्यात मोजून लिहायची. २४ तासांत ३ लिटरच्या वर गेली तर डॉक्टरांना आकडा सांगा. 'खूप होते' यापेक्षा 'चार लिटर दोनशे' हे ऐकून डॉक्टर काही तरी करू शकतात.

काय करता येतं? डोस दोन वेळांत विभागलेला असेल तर पूर्ण डोस रात्री एकदाच देऊन पाहतात, त्याने लघवी कमी होण्याची शक्यता असते. मात्र अशा बदलानंतर १२ तासांची पातळी आधीपेक्षा थोडी जास्तच दिसते, डॉक्टरांना हे धरून वाचावं लागतं. डोस थोडा कमी करता येतो. अॅमिलोराइड नावाचं औषध लिथियमला त्या पेशींत शिरूच देत नाही. आपल्याकडे ते बरेचदा दुसऱ्या लघवीच्या औषधाशी जोडूनच मिळतं आणि तो जोडीदार लिथियम वाढवू शकतो, म्हणून स्वतःहून आणू नका. आणि तहान उसाच्या रसावर, कोल्ड्रिंकवर भागवू नका. दिवसाला तीन लिटर पिणाऱ्याने त्यातलं एक लिटर गोड प्यायलं तर वजनाचं खापर उगाच गोळीवर फुटतं.

किडनी खराब होणारच का?

सगळ्यांची नाही. दहा-वीस वर्षं घेतलेल्या काही जणांच्या किडनीची ताकद वयाच्या मानाने जास्त घटते, आणि त्यातल्या थोड्यांची पार खाली जाते. जास्त पातळीवर काढलेली वर्षं, विषबाधेचे प्रसंग, बीपी, मधुमेह आणि दुखण्याच्या गोळ्या यांनी घसरण वेगाने होते. म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात आहेत.

फक्त क्रिएटिनिन बघून फसू नका. ३० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर ईजीएफआर ९० च्या पुढे येतं. ६५ वर्षांच्या बाईंचं तेवढंच १.१ असेल तर ते ५६ च्या आसपास येतं, तरी लॅबच्या कागदावर दोघांच्याही पुढे 'नॉर्मल'. म्हणून ईजीएफआर मागून घ्या आणि एका पानावर तारखेनिशी लिहीत जा. एका रिपोर्टापेक्षा उतार महत्त्वाचा. चाळिशीनंतर वर्षाला साधारण १ ने कमी होणं वयाचंच समजतात. वर्षात ५ पेक्षा जास्त घसरलं किंवा तीन महिने ६० च्या खाली राहिलं, तर किडनीच्या डॉक्टरांचं मत घ्यायची वेळ. ४५ च्या खाली लिथियम चालू ठेवायचं की नाही हे दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतात, ३० च्या खाली बहुधा थांबवतात. जुलाबानंतरच्या किंवा वारीहून परतल्यावरच्या एका वाईट आकड्यावर निर्णय घेऊ नये. भरपूर पाणी पिऊन आठवड्या-दोन आठवड्यांनी परत तपासायचं.

कंबर, गुडघा, डोकं, दात दुखतो. कोणती गोळी चालेल?

लिथियमवर असलेल्याला पॅरासिटामॉल चालतं. प्रौढाला ५०० ते ६५० मि.ग्रॅ., दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, केटोरोलॅक टाळायच्या. या गोळ्या किडनीतला रक्तप्रवाह कमी करतात, त्यामुळे लिथियम बाहेर पडत नाही आणि काही दिवसांत पातळी चढते. गोम अशी की ही नावं पाकिटावर बारीक अक्षरात असतात. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं, व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, झेरोडॉल म्हणजे असेक्लोफेनॅक. मेडिकलवाला 'साधी अंगदुखीची आहे' म्हणत हीच हातात देतो. वर्षानुवर्षे ०.७ वर असलेला माणूस गुडघ्यासाठी दहा दिवस एखादी गोळी घेतो आणि झोकांड्या खात दवाखान्यात येतो, असं वारंवार होतं. दाताच्या आणि हाडाच्या डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधीच सांगा: 'मी लिथियमवर आहे, पॅरासिटामॉल सोडून दुसरी पेनकिलर लिहू नका.' हृदयासाठीची ७५ मि.ग्रॅ. अॅस्पिरिन पातळी विशेष हलवत नाही, ती घाबरून बंद करू नका. डायक्लोफेनॅकचं मलम थोड्या जागेवर चार-दोन दिवस लावलं तर रक्तात फार उतरत नाही. दोन्ही गुडघे आणि कंबर रोज माखणं ही वेगळी गोष्ट.

बीपीची गोळी सुरू झाली आहे.

त्याच दिवशी सायकियाट्रिस्टला फोन करा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधं लिथियम वाढवतात. हायड्रोक्लोरोथायझाइड तर २५ ते ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतं, आणि ते बीपीच्या गोळ्यांमध्ये बरेचदा जोडीला असतं. गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर हटकून विचारा. अॅम्लोडिपिनचा असा त्रास नाही. दुसरा पर्याय नसेल तर लिथियमचा डोस आधीच कमी करून, आठवड्याने पातळी बघून दोन्ही चालवता येतात. न सांगता सुरू झालेलं बीपीचं औषध धोक्याचं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनने लघवी आणखी वाढते, तिथेही पातळी पुन्हा तपासा. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने मळमळ होऊन खाणंपिणं कमी होतं, तेव्हाही.

उपवास, वारी, रोजा, मे महिना: मीठ आणि पाण्याचं काय?

किडनीला सोडियम आणि लिथियम यांत फारसा फरक कळत नाही. शरीरात मीठ कमी पडलं की ती सोडियम परत ओढते, आणि लिथियमही त्यासोबत आत येतं. म्हणून नियम 'मीठ जास्त खा' असाही नाही आणि 'मीठ सोडा' असाही नाही. रोज जेवढं खाता तेवढंच खात राहा. अळणीचं व्रत, डाएटच्या नावाखाली अचानक मीठ बंद करणं, निर्जळी एकादशी या तिन्ही गोष्टी लिथियमवर असलेल्याने करू नयेत. साबुदाण्याची खिचडी, भगर, ताक यांवरची एकादशी चालते, पाणी पोटभर हवं. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे त्याची अडचण नाही. अडचण 'लो सोडियम' मिठाची: त्यात सोडियमचा एक भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. सोडियम घटल्याने लिथियम वाढतं, आणि सोबत टेल्मिसार्टनसारखं औषध असेल तर पोटॅशियमही.

रोजा ठेवायचा असेल तर रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोला. डोसची वेळ बसवून मध्ये एकदा पातळी बघावी लागते. रोजा उन्हाळ्यात आला किंवा लघवी ३ लिटरच्या वर असेल तर तो टाळणंच शहाणपणाचं.

आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्याने निघण्याआधी पातळी तपासून जावं, पिशवीत ओआरएसची पाकिटं ठेवावीत आणि सोबतच्या एकाला तरी गोळीबद्दल सांगून ठेवावं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात मिसळायचं, छोटं असेल तर त्यावर लिहिलेल्या मापात. ग्लासभर पाण्यात मोठं पाकीट ओतून प्यायलं तर फायद्यापेक्षा तोटाच. विदर्भातल्या मे महिन्यात शेतावर किंवा साइटवर काम करणाऱ्यांनी उन्हाळ्यात एक जादा तपासणी करून घ्यावी.

जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी घ्यायची की नाही?

पोट बिघडून एकापेक्षा जास्त उलट्या किंवा तीन-चार पातळ जुलाब झाले, किंवा तापाने पाणीही पोटात राहत नसेल, तर पुढचा लिथियमचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. ओआरएस सुरू ठेवायचं. खाणंपिणं पूर्ववत झालं की गोळी कधी सुरू करायची ते डॉक्टर सांगतात, बहुधा एक-दोन दिवसांत. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट डोस कधीही नाही. ही सूचना लिथियमपुरतीच आहे. लॅमोट्रिजिन किंवा व्हॅल्प्रोएट अशी बायपोलरची बाकीची औषधं त्याच हिशेबाने बंद करू नका.

एक पेच ध्यानात ठेवा: जुलाब-उलट्या हे लिथियम वाढल्याचं कारणही असतं आणि लक्षणही. घरात बाकी कुणाचं पोट बिघडलेलं नसताना फक्त तुमचंच बिघडलं, तर पातळी तपासा. जुलाबावर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोलही पातळी वाढवू शकतं.

लिथियम चढलंय हे घरच्यांनी कसं ओळखायचं?

रोजची बोटांची बारीक थरथर वेगळी. इथे हात मोठ्याने हलतात, चहाचा कप सांडतो. चाल दारू प्यायल्यासारखी होते, जीभ जड होते, माणूस सुस्त किंवा गोंधळलेला वाटतो, स्नायूंना झटके येतात, उलट्या होतात. अशा वेळी पुढची गोळी द्यायची नाही, झोपू द्यायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. किडनीचं डायलिसिस जिथे होतं असा दवाखाना निवडा, कारण पातळी फार वाढली तर लिथियम तसंच काढावं लागतं. वर्षानुवर्षे घेणाऱ्याच्या मेंदूत लिथियम मुरलेलं असतं. त्यामुळे आकडा फार मोठा नसतानाही लक्षणं गंभीर असू शकतात, आणि उशीर झाला तर चालण्या-बोलण्यातला तोल कायमचा जाऊ शकतो. 'दोन पॉइंट झिरोच आहे' म्हणून घरी परतू नका.

थायरॉइडची गोळी मागे लागली. आता लिथियम सोडावं का?

त्यासाठी नाही. लिथियम थायरॉइडमधून हार्मोन बाहेर पडणं कमी करतं. हा त्रास बायकांना जास्त होतो. लेव्होथायरॉक्सिन सुरू करून दोन्ही आरामात चालतात. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं, वजन वाढणं आणि उदासी ही सगळी थायरॉइड मंदावल्याची लक्षणं आहेत, म्हणून 'डिप्रेशन परत आलं' असं वाटलं की नवीन गोळी वाढवण्याआधी टीएसएच बघून घ्या. लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच परत तपासा, त्याआधी केलेल्या तपासणीचा उपयोग नाही.

आणि कॅल्शियम?

लिथियममुळे मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागतात आणि रक्तातलं कॅल्शियम वर जातं. मुतखडा, बद्धकोष्ठता, वाढती तहान, हाडं ठिसूळ होणं हे त्याचे परिणाम. आकडा १०.५ च्या वर दिसला तर अल्ब्युमिनसह पुन्हा तपासून पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) करतात. आपल्याकडे हाडं दुखतात म्हटलं की ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. लिथियमवर असाल तर त्या सुरू करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम बघायला सांगा.

हात थरथरतात, सही नीट येत नाही.

आधी पातळी. ती ठीक असेल तर चहा-कॉफी हळूहळू कमी करा. एकदम बंद केलीत तर लिथियम वाढतं, कारण कॅफिनमुळे ते लघवीवाटे जास्त जात असतं. डॉक्टर कमी डोसात प्रोप्रानोलॉल देऊ शकतात. दम्याच्या रुग्णाला ते चालत नाही. व्हॅल्प्रोएटनेही हात थरथरतात, आणि दोन्ही एकत्र असतील तर जास्तच. 'थरथर आहे ना' म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल (अंग आखडण्यावरची गोळी) चालू ठेवलेलं बरेचदा दिसतं. या थरथरीवर त्याचा उपयोग नाही, उलट तोंड कोरडं पडतं आणि विसरायला होतं.

वजन १४ किलोने वाढलं. गोळी दोषी की मी?

ओलान्झापिनवर असाल तर बहुतांशी गोळी. ती पोट भरल्याची जाणीवच मंदावते. क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन मधल्या गटात, व्हॅल्प्रोएटही तिथेच. लिथियमने थोडं वाढतं. अॅरिपिप्राझोल, लुरासिडोन, कॅरिप्राझिन आणि लॅमोट्रिजिन यांनी त्या मानाने कमी.

पहिले सहा आठवडे निर्णायक असतात. नवीन गोळी सुरू झाली त्या दिवशी वजन लिहा, मग दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, शौचानंतर. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांशी बोला. १४ किलो वाढल्यावर बोलण्यापेक्षा ३ किलोवर औषध बदलणं फार सोपं. कंबरही मोजा: भारतीयांसाठी पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तरी. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी जास्त दिसू शकतं, म्हणून हिमोग्लोबिनही बघा.

डॉक्टर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी देऊ शकतात. रात्रीच्या जेवणासोबत ५०० मि.ग्रॅ. पासून, दर आठवड्याला थोडं वाढवत. त्याने सरासरी तीनेक किलो उतरतात आणि पुढची वाढ थांबायला मदत होते. हे ऐकून निराश होऊ नका, साखरही त्यात सांभाळली जाते. वर्षातून एकदा बी-१२ तपासा. किडनी फार उतरली असेल, ईजीएफआर ३० च्या खाली, तर मेटफॉर्मिन चालत नाही.

घरात एवढं करा. ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन घेतल्यावर तासा-दीड तासात भूक खवळते. जेवण आधी उरकून गोळी झोपायच्या बेतात घ्या आणि ओट्यावर बिस्किटांचा डबा ठेवू नका. काही हवंच असेल तर ताक, काकडी किंवा मूठभर भाजलेले फुटाणे. लुरासिडोनचा नियम नेमका उलटा: किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबतच ती घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर निम्मीसुद्धा अंगाला लागत नाही, आणि 'हे औषध मला लागू पडलं नाही' असा निष्कर्ष निघतो.

व्हॅल्प्रोएटने केस गळतात.

गळतात. बहुतेकांचे परत येतात, कधी आधीपेक्षा कुरळे. डोस कमी करता आला तर फरक पडतो. मात्र केसांच्या काळजीत यकृत आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांची तपासणी विसरू नका: सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी. अंगावर उगाच निळे डाग, हिरड्यांतून रक्त, पोटात वरच्या बाजूला सतत दुखणं यांवर लगेच डॉक्टर. यकृताचे आकडे चांगले असूनही माणूस गुंगीत, भ्रमात वाटला तर रक्तातला अमोनिया तपासतात.

मूल हवं आहे, किंवा पुढे कधीतरी हवं असेल.

व्हॅल्प्रोएटवर असलेल्या आईच्या दहातल्या साधारण एका बाळाला जन्मतः मोठं व्यंग असतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांमध्ये वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी दिसतात. मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुलींना आणि बायकांना ही गोळी द्यायची तर खात्रीचं गर्भनिरोधक सोबत हवंच. दुसरा पर्याय आधीच शोधलेला बरा. लिथियमचा धोका बराच कमी आहे, पण गरोदरपणात त्याची पातळी उतरते, म्हणून वारंवार तपासावी लागते. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून सगळं एकदम बंद करू नका, त्याच दिवशी फोन करा. गर्भनिरोधक गोळ्यांचंही विचारा: कार्बामाझेपिन त्या निकामी करू शकतं, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी साधारण निम्म्यावर आणतात.

लॅमोट्रिजिन चार-पाच दिवस राहून गेलं. जुन्याच डोसने सुरू करू?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाचेक दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर बहुधा पुन्हा छोट्या डोसपासून चढत जावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर आणखी सावकाश.

ओठ आपोआप चावल्यासारखे हलतात.

अॅन्टिसायकोटिक (ओलान्झापिन, रिस्पेरिडोनसारखी औषधं) वर्षानुवर्षे घेतल्यावर जीभ, ओठ, जबडा, पापण्या, बोटं यांच्या नकळत हालचाली सुरू होऊ शकतात. रुग्णाला स्वतःला कळत नाही, जेवताना समोर बसलेल्याला आधी दिसतं. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात नेमकं तेव्हाच काही होत नाही. लवकर लक्षात आलं तर औषध बदलून आवरता येतं, टेट्राबेनाझिनसारखं औषधही आहे. ट्रायहेक्सिफेनिडिलने हा त्रास वाढतो. गोळी एकदम थांबवली तरी काही काळ वाढतो. रिस्पेरिडोन किंवा अॅमिसल्प्राइडवर पाळी थांबली, छातीतून दूध आलं, तर प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) तपासा. ते वर्षानुवर्षे जास्त राहिलं तर हाडं झिजतात, म्हणून 'पाळीची कटकट नाही, बरंच आहे' म्हणून सोडू नये.

हे सगळं नको. गोळीच सोडली तर?

लिथियम एकदम सोडल्यावर उन्माद उलटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. थांबवायचंच ठरलं तर किमान चार आठवडे, शक्य असेल तर तीन महिने लावून हळूहळू उतरवतात. डॉक्टरांना 'बंद करायची आहे' असं न सांगता 'हा एक त्रास मला सहन होत नाही' असं सांगितलं तर मार्ग लवकर निघतो, कारण बहुतेक त्रासांवर डोस, वेळ किंवा सोबतची गोळी बदलून काही तरी करता येतं. डॉक्टर मिळत नसतील आणि मन डळमळत असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

ऑपरेशन ठरलंय. काय सांगून ठेवायचं?

भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः सांगा, फाइलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. मोठ्या शस्त्रक्रियेआधी लिथियम साधारण २४ तास थांबवतात. ज्यांची लघवी तीन-चार लिटर होते त्यांना रात्रभर उपाशी आणि पाण्याविना ठेवलं तर सकाळपर्यंत रक्तातलं सोडियम चढतं. त्यांच्यासाठी उपाशी काळातच सलाईन लावावं लागतं आणि कोणतं सलाईन द्यायचं तेही विचार करून ठरवावं लागतं. ऑपरेशननंतरच्या दुखण्याला वॉर्डात सवयीने डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं जातं, म्हणून सोबत राहणाऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी हवी: गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅम, साधी की सावकाश विरघळणारी, शेवटची लिथियम पातळी आणि तारीख, शेवटचं ईजीएफआर, सायकियाट्रिस्टचा फोन, आणि खाली मोठ्या अक्षरात 'पॅरासिटामॉलशिवाय पेनकिलर नको'. रात्रीच्या पाळीची सिस्टर बदलली की ती चिठ्ठी पुन्हा दाखवायची.